‘स्लगची रिकामी काडतुसं फेकू नका’ : त्या फॉरवर्डला उत्तर

ओहायो, इंडियाना, इलिनॉय या पट्ट्यातल्या मराठी ग्रुपांवर हरणांचा सीझन तोंडावर आला की एक लांबलचक फॉरवर्ड फिरायला लागतो. आजवर मी तो न वाचता पुसत आले. यंदा तो माझ्या भाच्याकडून आला, खाली एक ओळ जोडून : ‘मावशी, तू भरतेसच ना, मलाही शिकव.’ भाचा एच-वन-बीवर आहे, गेल्या वर्षी शिकारीचा कोर्स करून त्याने लायसन्स काढलं आणि बाराबोरची एक पंप शॉटगन (मूठ मागेपुढे करून पुढचं काडतूस चढवायची बंदूक) घेतली. मी ट्रॅप आणि स्कीट, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरायचे खेळ, खेळते, त्यासाठीची छर्र्यांची काडतुसं गराजमध्ये मेक कंपनीच्या प्रेसवर स्वतः भरते. त्यामुळे हा मजकूर नुसता हसून सोडून देणं मला जमलं नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. स्लगचं काडतूस उडवल्यावर उरते ती फक्त प्लास्टिकची नळी, ती कुठलीही असो, पुन्हा भरता येते. बंदुकीची दारू चमच्याने मोजली तरी भागतं, ‘शंका वाटली तर थोडी कमी टाका’. शिसं घरच्या शेगडीवर वितळवा, नाहीतर छर्रेच मेणात थिजवून स्लग करा. अमेरिकेत याला परवाना लागत नाही, व्हिसा कुठलाही असो. खर्च निम्म्यावर येतो. आणि गावी कुणाकडे बाराबोर असेल तर रिकामी काडतुसं बॅगेत घालून न्या, तिकडे महाग पडतात.

ज्यांना स्लग माहीत नाही त्यांच्यासाठी : काडतुसात छर्र्यांऐवजी शिशाचा एकच जाड गोळा असतो, तो स्लग. इकडची राज्यं सपाट आणि वस्तीची, रायफलची गोळी फार लांब जाते, म्हणून हरणांसाठी वर्षानुवर्षं शॉटगनचाच नियम होता. अलीकडे सरळ भिंतीच्या काडतुसाच्या काही रायफलींना परवानगी मिळाली, तरी स्लग वापरणारे अजून भरपूर आहेत.

आता चमचा. सगळ्यात आधी तोच घेते, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने बोटं जातील.

शॉटगनची नळी पातळ असते. बारा गेजच्या, म्हणजे बाराबोरच्या, पावणेतीन आणि तीन इंची काडतुसाला सामी या अमेरिकन उद्योगसंस्थेने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा आहे चौरस इंचाला ११,५०० पौंड. .३०८ रायफलला हीच मर्यादा ६२,०००. म्हणजे शॉटगन मुळातच कमी दाबासाठी घडवलेली आहे आणि चुकीला तिथे जागा फारशी नाही. त्यात बिनधुराच्या दारूचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते आणि त्याने दाब आणखी वाढतो. दारू दहा टक्के जास्त म्हणजे दाबही दहाच टक्के जास्त, असा हिशेब इथे चालत नाही.

आणि चमचा भरायचा कसला? एकाच कंपनीची रेड डॉट आणि ब्लू डॉट घ्या. दोन्ही चपट्या कणांच्या, एकीत लाल ठिपके, दुसरीत निळे. रेड डॉट झटकन जळते, हलक्या छर्र्यांच्या काडतुसांसाठी. ब्लू डॉट सावकाश जळते, जड मॅग्नम काडतुसांसाठी. ब्लू डॉटच्या मापाने कुणी रेड डॉट भरली, तर ती बंदूक मी तरी हातात धरणार नाही. शिवाय प्रत्येक दारूची घनता वेगळी, म्हणून तोच चमचा वेगळ्या डब्यात बुडवला की वजन वेगळं येतं. म्हणून आम्ही तराजू वापरतो, आणि प्रेसच्या मापातून पडलेली दारूही अधूनमधून तराजूवर तपासतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ‘अंदाज हळूहळू येतो’ असं लिहिलं आहे. कशावरून येतो? दाब डोळ्यांना दिसत नाही आणि खांद्यालाही नीट कळत नाही.

पण खरी घातक ओळ आहे ती ‘शंका वाटली तर थोडी कमी टाका’ ही. ती शहाणपणाची वाटते, म्हणूनच लोक मानतात. दारू कमी पडली किंवा काडतुसाचं तोंड सैल राहिलं की पुरेसा दाब तयार होत नाही, दारू अर्धवट जळते. बार ‘फुस्स’ होतो. आणि दारू व शिसं यांच्यामधली प्लास्टिकची वाटी, जिला वॅड म्हणतात, किंवा खुद्द स्लग बंदुकीच्या नळीतच अडकून राहतो. रेंजवर असाल तर थांबाल, बंदूक रिकामी कराल, नळीतून आरपार बघाल. पण समोर हरीण आहे, हातात पंप आहे, थंडीने बोटं बधिर झाली आहेत. तुम्ही पंप मागेपुढे करता आणि दुसरा बार काढता. पुढची नळी बंद. ती फुगते किंवा फाटते, आणि डावा हात नेमका तिच्याखाली असतो. थोडक्यात, जास्त दारू धोक्याची आणि कमी दारूही धोक्याची. तक्त्यात छापलेली तेवढीच भरायची.

तक्ता म्हणजे दारू बनवणाऱ्या कंपन्या छापतात तो. त्यातल्या एका ओळीत काडतुसाचं नाव, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली), दारू, वॅड, स्लगचं वजन आणि त्यावर मोजलेला दाब असतो. यातली एक गोष्ट बदलली की ती ओळ तुमची राहत नाही. छर्र्यांच्या ओळीतली दारू घेऊन पुढे तेवढ्याच वजनाचा स्लग बसवला, असंही चालत नाही.

इथेच ‘काडतुसाची कुठलीही नळी चालते’ हा मुद्दा कोसळतो. तक्त्याची ओळ काडतुसाच्या नावाने सुरू होते ती हौसेने नाही. विंचेस्टरचं डबल ए आतून निमुळतं असतं. चेडाइटचं सरळ भिंतीचं, आणि त्याचं बूड वेगळं बसवलेलं असतं. बाहेरून दोन्ही लाल असू शकतात, पण आतली जागा वेगळी म्हणजे दाब वेगळा. वेगळं बसवलेलं बूड पुन्हा पुन्हा वापरून सैल झालं, तर तेही सुटून बंदुकीच्या नळीत जाऊ शकतं. मग वर सांगितलेला दुसऱ्या बाराचा प्रसंग तुमच्यावर येतो.

स्लगच्या काडतुसाची आणखी एक अडचण आहे, जी छर्रेवाल्यांना सहसा येत नाही. छर्र्यांच्या काडतुसाचं तोंड चांदणीसारखं घड्या घालून मिटवलेलं असतं. त्या घड्या प्लास्टिकला लक्षात राहतात, पुन्हा मिटवताना आपोआप जागेवर येतात. स्लगच्या बऱ्याच काडतुसांचं तोंड मात्र कडा आत गुंडाळून बंद केलेलं असतं. एकदा बार झाला की ती कड चिरफाळते. चांदणी नीट पडत नाही, कारण घड्याच नाहीत. पुन्हा गुंडाळायची तर कड कापावी लागते, म्हणजे काडतूस आखूड झालं आणि तक्त्याची ओळ हातची गेली. तोंड सैल तर दाब अपुरा, आणि अपुऱ्या दाबाचं काय होतं ते वर आलंच आहे.

लांबीचाही घोळ आहे. काडतुसावर लिहिलेली लांबी उघडलेल्या काडतुसाची असते, भरलेल्याची नाही. त्यामुळे तीन इंची काडतूस भरून, तोंड मिटवून पावणेतीन इंची चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसायच्या जागेत, निमूट बसतं. बार होताना तोंड उघडतं तेव्हा त्याला जागा नसते, ते पुढच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब चढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हे फॉरवर्डमधलं वाक्य इथे सपशेल खोटं ठरतं.

आता कायदा. इथे फॉरवर्ड अर्धं खरं आहे, हे कबूल करावं लागतं. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही. विकायचा धंदा केला तर लागतो. आणि संघीय नियमावलीतली, २७ सीएफआर ४७८.११ मधली ‘अ‍ॅम्युनिशन’ची व्याख्या वाचली तर रिकामी, प्रायमर नसलेली, धातूची नसलेली शॉटगनच्या काडतुसाची नळी त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे रेंजवरून उचललेली रिकामी नळी गराजमध्ये ठेवली म्हणून कुणी पकडणार नाही. पण ती व्याख्या पुढे-मागेही वाचावी. प्रायमर हे अ‍ॅम्युनिशन आहे. बंदुकीची दारू हे अ‍ॅम्युनिशन आहे. छर्रे वगळलेत, पण वगळताना अट घातली आहे : जो एकटाच काडतुसाचा संपूर्ण भार म्हणून वापरायचा तो गोळा वगळलेला नाही. असा गोळा म्हणजेच स्लग. मी गराजमध्ये छर्र्यांची पिशवी ठेवते ते कायद्याच्या नजरेत शिसं. त्याच्या शेजारी ओतलेला एक स्लग ठेवला की ते अ‍ॅम्युनिशन.

एच-वन-बी किंवा एफ-वनवर असणाऱ्यांना हा फरक महागात पडू शकतो. संघीय कायद्याचं कलम ९२२(जी)(५) नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक आणि अ‍ॅम्युनिशन दोन्ही बाळगायला बंदी करतं. त्याला अपवाद आहेत, आणि भाच्यासारख्यांना सहसा लागू पडतो तो एकच : अमेरिकेत कायदेशीरपणे मिळालेलं शिकारीचं लायसन्स. ते चालू आहे तोवर ठीक. मुदत संपली आणि नूतनीकरण राहून गेलं, तर कपाटातला दारूचा डबा आणि प्रायमरची पेटी, दोन्ही त्याच क्षणी गुन्ह्याचा ऐवज. २०२२ पासून या कलमाखाली कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. त्याहून वाईट म्हणजे ९२२(जी)(५) इमिग्रेशन कायद्यातल्या ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’च्या, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या, यादीत नावानिशी आहे. शिक्षा भोगून झाली तरी देशाबाहेर काढतात. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभ्या असलेल्या लोकांना ‘व्हिसा कुठलाही असो’ असं सांगणाऱ्याने हे कलम उघडूनही पाहिलेलं नाही. राज्यांचे कायदे वेगळेच. इलिनॉयच्या रहिवाशाला काडतुसं बाळगायलाही फॉइड कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं.

मेणाचा स्लग : ओहायोत हरणासाठी शॉटगनमध्ये दर नळीला एक गोळा किंवा एक रायफल्ड स्लग, इतकाच नियम आहे. मेणात थिजवलेले छर्रे हे छर्रेच. मेण उन्हात मऊ होतं, थंडीत तडकतं, आणि तक्त्यात त्याला ओळ नाही. संपलं.

स्लगवर सुरीने तिरक्या रेषा कोरा म्हणजे तो फिरत जाईल, असंही त्यात आहे. असा रेषांचा नेहमीचा स्लग, ज्याला फॉस्टर स्लग म्हणतात, सरळ जातो तो मुख्यतः पुढे जड आणि मागे पोकळ असतो म्हणून, बॅडमिंटनच्या फुलासारखा. त्या रेषांचा खरा उपयोग नळीच्या अरुंद तोंडातून जाताना शिशाला दबायला जागा मिळावी, हा.

शेगडीवर शिसं वितळवण्याबद्दल मात्र दोन शब्द जास्त, कारण ग्रुपवर ‘धूर घेऊ नका म्हणजे झालं’ असा सल्ला कुणीतरी खाली दिला आहे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्या तापमानाला वाफ फारशी होत नाही. त्रास होतो तो वर साचणाऱ्या मळीचा आणि तिच्या भुकटीचा. ती ओट्यावर बसते, फडक्यावर बसते, मग पोळीच्या पिठात जाते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली, आणि सुरक्षित अशी पातळी कुठलीच नाही, असंही ती सांगते. स्वयंपाकघरात हे करायचं नाही. कारण विचारू नका.

आणि गावी न्यायचा सल्ला. तो वाचून मी फोनच उचलला, कारण भाच्याच्या बाबांकडे, म्हणजे आमच्या भाऊजींकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली दुनळी आहे आणि रानडुकरांनी त्यांना जेरीस आणलंय. भाऊजींना पुढचं काही विचारायची गरज नाही, पोराने आणलं की ते भरून बघणार. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण ते जोडीच्या भागांबरोबर वापरायचा हेतू नसेल तरच. शोकेसमध्ये ठेवलेलं रिकामं काडतूस त्या सुटीत बसेल. पुन्हा भरायला नेलेलं बसणार नाही, आणि हेतू तर फॉरवर्डमध्येच लिहिलेला आहे. बाहेरून दारूगोळा आणायला कलम १० प्रमाणे परवाना हवा. हे सगळं विमानतळावर स्कॅनरसमोर उभं राहून समजावत बसायचं का?

कायदा बाजूला ठेवला तरी बंदूक आहेच. जुन्या विलायती दुनळ्यांपैकी बऱ्याच जणींची चेंबर अडीच इंची असते. त्यात इकडचं पावणेतीन किंवा तीन इंची काडतूस कोंबायचं, चमच्याने मापलेली दारू घालून, साठ-सत्तर वर्षांच्या नळीत. खडकीच्या कारखान्याचं ‘शक्तिमान’ महाग पडत असेल, पण त्या पेटीतल्या काडतुसाचा दाब कुणीतरी मोजलेला असतो.

पैशांचं राहिलं. बचत होते ती ट्रॅप-स्कीटवाल्यांची, जे वर्षाला हजारोंनी काडतुसं उडवतात, आणि त्यातही २८ गेज आणि .४१० या लहान बोरांची जास्त. हरणाच्या शिकाऱ्याला नेम लावून बघण्यापासून सीझन संपेपर्यंत स्लगच्या चार-पाच पेट्या पुरतात. तेवढ्यासाठी प्रेस, तराजू, साचा, कड गुंडाळायचं हत्यार हे सगळं घ्यायचं, तर पुढची कैक वर्षं तोट्यातच.

भाच्याला मी उत्तर पाठवलंय : एकाच ब्रँडच्या स्लगच्या चार पेट्या घे, रेंजवर त्यांनी बंदूक जुळवून घे, तेच घेऊन शिकारीला जा. भरायला शिकायची हौस असेल तर रविवारी गराजमध्ये ये, छर्र्यांपासून सुरुवात करू, स्लगचं नाव वर्षभर काढायचं नाही. आणि येताना हंटिंग लायसन्सची तारीख बघून ये, कारण माझ्या टेबलावर दारू आणि प्रायमर असतात.