ढगातून उतरणं आणि ‘पायलटची चूक’

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला कोल्हापुरातल्या चार ग्रुपवर आला. शेवटी मावसभावानेही पाठवला, “दादा, तू विमान शिकलायस, खरं काय ते सांग” म्हणून. मजकूर असा: “छोट्या विमानांचे शंभरातले ऐंशी अपघात पायलटच्या बेफिकिरीने होतात. ढगातून उतरायचं काम यंत्रच करतं, पायलटने नुसतं बघायचं असतं. मुरलेला पायलट तर अंदाजानेही उतरवतो. विमान परत वर नेलं म्हणजे त्याला जमलं नाही. उजळाईवाडीला आयएलएस बसवा, प्रश्न मिटला.” (उजळाईवाडी म्हणजे कोल्हापूरचं विमानतळ; आयएलएस म्हणजे धावपट्टीची दिशा आणि उतरण्याचा कोन रेडिओ लहरींनी दाखवणारी यंत्रणा.)

मी खासगी पायलटचा परवाना काढला, नंतर इन्स्ट्रुमेंट रेटिंगही केलं, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या यंत्रांवर उडवायची परवानगी. या पाच वाक्यांतलं एकही आहे तसं सोडून देण्यासारखं नाही.

आकडा फार चुकीचा नाही. अमेरिकेत छोट्या विमानांच्या अपघातांचा नियमित आढावा निघतो आणि त्यात साधारण तीन-चतुर्थांश अपघात पायलटच्या खात्यावर पडतात. पण ‘बेफिकिरी’ हा शब्द मेसेज लिहिणाऱ्याने आपल्या मनाने घातलाय. त्या खात्यात ढगात दिशाभूल झालेला येतो, उंचीचं यंत्र चुकीचं लावलेला येतो, उतरू नये तिथे उतरायला गेलेलाही येतो. तिघांचं दुखणं वेगळं आणि उपायही वेगळा. अपघाताच्या तपासाचा आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचं परिशिष्ट १३, स्पष्ट सांगतो की तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं एवढाच आहे, दोष कुणाच्या माथी मारायचा हे ठरवणं नाही. आपण नेमकं उलटं करतो. ‘चूक पायलटची’ म्हटलं की चौकशी संपली.

आता ‘अंदाजाने उतरवतो’. या वाक्यावर विश्वास ठेवून कुणाचा तरी जीव जाईल. करूळ घाटात धुकं लागलं तर गाडी कडेला घेऊन थांबता येतं आणि चाकाखाली रस्ता तरी असतो. ढगात वर-खाली काहीच दिसत नाही. मग शरीर तोल सांभाळायला कानातल्या नलिकांवर विसंबतं आणि त्या फसवतात. विमान हळूहळू एका बाजूला कललं तर ते जाणवतच नाही. एकाच गतीने वळत राहिलं तर काही सेकंदांत वळल्याची जाणीव विरून जाते, आणि सरळ केलं की उलट्या बाजूला वळतोय असं वाटतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना ढगासारख्या परिस्थितीत उडवून पाहिलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. पुरती तीन मिनिटंही नाहीत.

“ते नवखे होते, मुरलेल्याचं तसं नसतं,” असं कुणी म्हणेल. २६ जानेवारी २०२० ला अमेरिकी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर कॅलिफोर्नियात डोंगरावर आदळलं, नऊ जण गेले. त्या पायलटकडे आठ हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता, इन्स्ट्रुमेंट रेटिंगही होतं. ढगात शिरल्यावर तो जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरला सांगत होता की मी वर चढतोय. त्या क्षणी हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली चाललं होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. अनुभवाने कान बदलत नाहीत. यंत्र सांगतं ते खरं आणि शरीर सांगतं ते खोटं, हे सतत घोटून घ्यावं लागतं. काही महिने सराव सुटला की तेही हातातून जातं.

“यंत्रच उतरवतं” हे मोठ्या विमानांबद्दल ऐकलेलं अर्धवट ज्ञान आहे. २०२० पासून काही नव्या छोट्या विमानांत स्वतः उतरणारी यंत्रणा आली आहे हे खरं, पण ती पायलट बेशुद्ध पडला वगैरे तर वापरायची. एरवी चार आसनी विमानात पायलट एकच असतो. ९० नॉट वेगाने येताना मिनिटाला साधारण ४५० फूट उतरायचं, दिशा आणि उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या सुया मध्यभागी ठेवायच्या, रेडिओवर बोलायचं, नकाशातली पुढची उंची डोक्यात धरायची. ऑटोपायलट असला तरी त्याला कुठल्या सुईमागे जायचं ते सांगावं लागतं. सुई जीपीएसला जोडलेलीच राहिली आणि आयएलएसला जोडायची विसरली, ही चूक कित्येकांनी केली आहे. गंमत नाही, सुई तेव्हाही अगदी मध्यभागी दिसते.

माझंच सांगतो. प्रशिक्षणात, पावसाळी दिवसात, उतरायला निघालो होतो. उंचावर सगळेच अल्टिमीटरला, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राला, १०१३ हेक्टोपास्कल दाब लावतात, खाली येताना विमानतळाचा त्या वेळचा दाब लावायचा. कंट्रोलरने १००३ सांगितला, मी तो बरोबर परत म्हणूनही दाखवला. तेवढ्यात रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला सांगितलं आणि हात तिकडे गेला. दाब १०१३ वरच राहिला. शेजारी बसलेल्या सरांनी बोट ठेवलं म्हणून कळलं. दहा हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे फूट. यंत्र दाखवतं त्यापेक्षा मी तेवढा खाली होतो. आयएलएसवर धावपट्टी दिसली नाही तर सर्वसाधारणपणे जमिनीपासून २०० फुटांवर निर्णय घ्यायचा असतो. म्हणजे माझ्या अल्टिमीटरवर तो आकडा यायच्या आधीच जमीन आली असती. मी एकटा असतो तर?

आणि आपल्याकडे जमीन सपाट नाही. उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे, पन्हाळा तीन हजारांच्या वर. धावपट्टीपासून हजार फूट वर असलेलं विमान पन्हाळ्याच्या माथ्याच्याही खाली असतं.

सगळ्यात जास्त राग मला ‘परत वर नेलं म्हणजे जमलं नाही’ याचा येतो. ठरलेल्या उंचीपर्यंत यायचं, धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर वर जायचं. हा त्या अप्रोचचाच, म्हणजे यंत्रांवर उतरण्याच्या ठरलेल्या पद्धतीचाच, छापील भाग आहे, नापास झाल्याची खूण नाही. आणि वर जाणंही सोपं नसतं. पूर्ण ताकद दिली की वेग वाढतो आणि नाक प्रमाणाबाहेर वर उठल्याचा भास होतो. घाबरून दांडा पुढे ढकलला तर विमान जमिनीकडे जातं. तेव्हा तिथे शांत डोकं हवं. त्या वेळी मागच्या सीटवरून कुणी म्हणतं, “खाली घरं दिसताहेत की, उतरव.” ढगाच्या फटीतून पायाखाली घरं दिसणं आणि समोर धावपट्टी दिसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खासगी विमानात तर पगार देणारा मालक हाताच्या अंतरावर बसलेला असतो. खाली गाड्या उभ्या, हार घेऊन माणसं थांबलेली. त्या पायलटने आणखी शंभर फूट खाली जाऊन बघितलं तर ती चूक त्याचीच, पण ती त्याच्या एकट्याच्या डोक्यात जन्मली नाही. उद्या कुणी न उतरता बेळगावला गेला, तर ग्रुपवर त्याला घाबरट म्हणणारे आपणच असतो.

राहिलं आयएलएस. चांगल्या उपकरणांची मागणी जरूर करा. उतरण्याचा कोन दाखवणारी यंत्रणा असली की डोंगरावर आदळण्याचा धोका खरोखर कमी होतो. पण त्यासाठी प्रत्येक ठिकाणी आयएलएसच हवं असं नाही. आपल्या गगन या उपग्रहावरून वाट दाखवणाऱ्या यंत्रणेवर एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगढला चाचणीत प्रवासी विमान उतरलं आहे. आणि छोट्या विमानात एरवी कुठलीही यंत्रणा घेतली तरी ती ठरलेल्या उंचीपर्यंतच आणते, पुढचं डोळ्यांनी करायचं असतं. कोल्हापुरातल्या ज्या उद्योजकांच्या घरी किंवा कंपनीत विमान आहे, त्यांनी दोन गोष्टी आजच ठरवाव्यात. पायलटला दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर पाठवायचं, आणि ढग खाली असतील त्या दिवशी शेजारच्या सीटवर दुसरा पायलट बसवायचा, पाहुणा नाही.