लकव्यावर सुई टोचण्याचा सल्ला: एकेक मुद्दा तपासून

लकव्याचा झटका आला तर रुग्णाला जागचं हलवू नका, मेंदूतल्या बारीक नसा फुटतील. सुई तापवून दहाही बोटं टोचा, तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा, माणूस सावरला की मगच दवाखान्यात न्या. चिनी उपचार म्हणून हा फॉरवर्ड कुटुंबांच्या ग्रुपवर पुन्हापुन्हा येतो.

सुई आधी निकालात काढू. बहुतेक लकवे मेंदूची धमनी गुठळीने बंद झाल्यामुळे येतात. बोटातून चार थेंब रक्त गेल्याने ती गुठळी सरकत नाही की विरघळत नाही. कान ओढण्याबद्दल काय बोलावं! तोंड वाकडं होतं ते मेंदूतून चेहऱ्याकडे जाणारा हुकूम तुटल्यामुळे.

खरा घातक भाग ‘हलवू नका’ हा आहे. उचलून गाडीत घातल्याने नसा फुटत नाहीत. उलट मोठी धमनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा 2006 सालचा हिशेब आहे. मेलेल्या भागाभोवती अर्धपोटी, पण अजून जिवंत असलेला पट्टा असतो. सगळी धावपळ तो वाचवण्यासाठी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मोठ्या धमनीतली गुठळी नळी घालून काढता येते, निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही. पण जितका उशीर तितका फायदा कमी. काही लकवे रक्तस्रावाचे असतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आधी सीटी स्कॅन, आणि म्हणूनच घरी रक्त पातळ करणारी अॅस्पिरिनही नको.

‘पण आमच्या काकांना सुईने गुण आला!’ आला असेल. काही झटके गुठळी आपोआप विरघळल्याने थोड्या वेळात ओसरतात. सुई नसती तरी ओसरले असते. मात्र पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणजे बरे झालेल्या काकांनाही त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं.

तोंड वाकडं, एक हात गळालेला, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तर 108 लावा आणि रात्रंदिवस सीटी स्कॅन चालू असलेलं रुग्णालय गाठा. पाणीसुद्धा पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. झोपेतून उठल्यावर कळलं असेल, तर झोपायला गेल्याची वेळ सांगायची, उठल्याची नव्हे.