तस्करपट काढा, फुटाला पाउंड मिळवा

सिनेमा काढायचाय आणि खिशात दमडी नाही? मग १९३०च्या सुमाराचं लंडन गाठा. १९२७च्या कायद्याने वितरकांना आणि थिएटरवाल्यांना ठरावीक वाटा ब्रिटिश सिनेमांचा ठेवावाच लागतो. अमेरिकी कंपन्यांना खपवायचा असतो हॉलीवुडचा माल, पण कोटा भरल्याशिवाय सुटका नाही. तो भरून द्यायला तुम्ही आहातच. दर साधारण फुटाला एक पाउंड. दुकानात मांजरपाट मोजावं तशी फिल्म मोजायची. आत काय आहे हे विचारतो कोण?

गोष्ट तस्करांचीच घ्या. तस्कर माल लपवतो, म्हणजे तो दाखवावा लागत नाही. खुनाच्या गोष्टीला निदान एक प्रेत लागतं, आणि प्रेतही रोजंदारी मागतं. हिऱ्यांना बंद पिशवी पुरते. जहाजसुद्धा नको. भोंगा वाजवा, धूर सोडा, झालं थेम्सवरचं धुकं. त्यात हातभरापलीकडचं दिसत नाही, तेव्हा सेटही हातभरच उभारा.

अड्ड्यासाठी वेगळी जागा मागू नका. ट्विकनहॅमच्या स्टुडिओत रात्रपाळीही चालते. दिवसा जो लॉर्डसाहेबांचा दिवाणखाना, तैलचित्र उतरवलं की रात्री तोच अड्डा. बटलर मात्र तोच ठेवा, गोष्टीला गूढ येतं.

आता खरी विद्या. सेकंदाला दीड फूट फिल्म सरकते. म्होरक्याने काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली, सिगारेट पेटली, धूर सोडला: वीस सेकंद, तीस फूट, तीस पाउंड. आणि अजून तो बोललेला नाही! इन्स्पेक्टरला थेट खोलीत आणणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. मोटारीतून उतरू दे, फाटक लावू दे, एकेक पायरी चढू दे. पाठलाग टाळा; पळणारा माणूस तोच जिना चार सेकंदांत उतरतो आणि तुमचं दिवाळं काढतो.

दिग्दर्शक मायकेल पॉवेलसारखी पोरं असल्याच कामावर हात बसवून पुढे मोठी होतात. अशांपासून सावध. ती कॅमेरा हलवायला मागतात.

प्रेक्षकांची धास्ती नको. काही थिएटरं असले सिनेमे सकाळी झाडलोट चालू असतानाच उरकून घेतात, असं सांगतात. खुर्च्यांखाली वाकलेली बाई फडकं बादलीत पिळता पिळता मान वर करील. इन्स्पेक्टर अजून जिनाच चढत असेल.