कृष्णविवराची मींड

विज्ञान प्रदर्शनात बटण दाबलं की दिवे लागतात, आवाज येतो, पोरं खूश. पण त्या आवाजातून कळलं काय, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. विज्ञानातले आकडे सुरांत बदलून जरूर ऐकवा, पण त्यातून काही कळू द्या, माझं भांडण तेवढ्यापुरतंच आहे.

लायगोचंच घ्या, म्हणजे अमेरिकेतली गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. तिने 14 सप्टेंबर 2015 ला टिपलेल्या गुरुत्वीय लहरींची कंपनसंख्या 0.2 सेकंदात सुमारे 35 वरून 250 हर्ट्झवर गेली. गाणाऱ्यांच्या भाषेत, जवळपास तीन सप्तकांची मींड, म्हणजे न तुटता एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं! अवकाशात आवाज वगैरे काही नव्हता, लहरी अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याच्या होत्या. पण कंपनसंख्या आयतीच आपल्या कानाच्या टप्प्यातली, त्यामुळे स्पीकरवर सोडली की ऐकूच येते. सूर चढतो कारण सूर्याच्या 36 आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं जवळ येता येता अधिकाधिक वेगाने एकमेकांभोवती फिरतात. एक झाली की सूर संपला. 17 ऑगस्ट 2017 ला टिपलेली जोडी न्यूट्रॉन ताऱ्यांची, ते त्यामानाने फारच हलके, त्यांचा सूर जवळजवळ 100 सेकंद चढत राहिला. दोन्ही लागोपाठ ऐकवा, जड जोडी कुठली ते सातवीतलं पोरगं सांगेल. आलेख काढून हेच समजावताना मास्तरांना घाम फुटतो.

उलट 2022 मध्ये नासाचा ‘कृष्णविवराचा आवाज’ सगळीकडे फिरला. पर्सियस दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूमधल्या त्या दाबलहरी. एका कंपनाला जवळपास एक कोटी वर्षं लागतात. म्हणून सूर 57-58 सप्तकं वर उचलला. आपली पेटी असते साडेतीन सप्तकांची! नासाने हे सांगितलं होतं, फॉरवर्ड करणाऱ्यांनी गाळलं. मग उरला फक्त भुताचा सिनेमा.

आणि आकडे असे ऐकवणं ‘अंधांसाठी काहीतरी’ म्हणून कोपऱ्यात ढकलू नका. प्वेर्तो रिकोच्या वांडा डियाझ-मर्सेड दृष्टी गेल्यावरही खगोलशास्त्रज्ञ म्हणून काम करत राहिल्या, निरीक्षणांचे आकडे सुरांत बदलून ऐकत. त्यांच्यासाठी ते कामाचं हत्यार आहे.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला चार-चार किलोमीटरच्या भुजांची लायगो-इंडिया व्हायची आहे. बघायला येणाऱ्यांसाठी तिथे काचेतली मॉडेलं मांडण्याआधी हेडफोन ठेवा. कशाचा सूर केलाय आणि किती पट्ट्या चढवलाय, ते मराठीत बाजूला लिहा, ब्रेलमध्येही. हिंगोली-परभणीकडचे शिक्षक इथे असतील तर सांगा, वर्गात ही मींड ऐकवलीय का कुणी? पोरं काय म्हणाली?