गणपती झाल्यावर बघू

आज दुपारी वाडीतल्या अंगणवाडीत लसीकरण होतं. मी सहज गेले होते. सेविकाबाई म्हणाल्या होत्या, चटया टाकायला कुणीतरी हवं, म्हणून. सिस्टर आल्या, निळी पेटी उघडली, आशाताई यादी घेऊन दारात उभ्या. यादीत सात बाळं होती, आली पाच. सहावं आलं, ते आजीच्या कडेवर, आणि दारातूनच परत निघालं.

"आता नको गो बाय. गणपती येवन गेल्यार बघूया. पोराक ताप इलो तर मोदक कोण वळतला?"

पोरगं दीड महिन्याचं. पहिल्याच डोसाचं. त्याची आई मागे उभी, हातात ते गुलाबी-पांढरं कार्ड घट्ट धरलेलं. तोंडातून शब्द नाही. आशाताईंनी समजावलं, सिस्टरने समजावलं. आजी हसत हसत निघून गेल्या. आणि मी, जिचं तोंड एरवी बंद होत नाही, मी चटईचं टोक धरून तशीच उभी राहिले. कारण ते वाक्य माझं होतं. अकरा वर्षांपूर्वी मी ते फोनवर बोलले होते, जवळजवळ त्याच शब्दांत.

घरी आल्यापासून हात कामाला लागत नाही. म्हणून लिहिते आहे. लांब होईल, पण वाचा.

2014 चा गणपती. तेव्हा आम्ही डोंबिवलीला. गावच्या घरात भावाला जुलैच्या सुरुवातीला मुलगी झाली होती. आमची चिऊ. ऑगस्टमध्ये वहिनीचा फोन आला की उद्या डोस आहे अंगणवाडीत, त्रिगुणीचा, म्हणजे घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याच्या लशीचा, नेऊ ना? घरात भिंतींना रंग चालू होता, गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायची होती, आईचे गुडघे गेलेले. मी मोठ्या नणंदेच्या अधिकाराने सांगितलं, अगं राहू दे, रात्रभर रडेल, तुलाच त्रास. गणपती झाल्यावर बघू. वहिनीने ऐकलं. मोठ्यांचं ऐकायचं असतं ना आपल्याकडे.

हा डांग्या खोकला म्हणजे काय, ते आमच्या आयांच्या पिढीला ठाऊक होतं. शंभर दिवसांचा खोकला म्हणायचे त्याला. आपल्या पिढीने तो पाहिलाच नाही, कारण लहानपणी आपल्याला टोचलं गेलं. आणि पाहिला नाही म्हणून तो संपला असं आपण धरून चाललो. संपलेला नाही. मोठ्या माणसात तो राहतो, अगदी साध्या खोकल्याच्या वेशात. लहानपणीच्या लशीचा जोर काही वर्षांत ओसरतो, मग चाळिशीच्या बाईला महिना महिना खोकला येतो, रात्री उबळ येते, कधी ओकारी होते, आणि ती बाई म्हणते, पावसाळी हवा आहे. अडुळशाचं सिरप घेते. आणि बाळ बघायला जाते.

चीड येते मला. आपल्याकडे बाळ बघायला जाणं म्हणजे काय असतं? बाळ बघत नाहीत, बाळ हाताळतात. दारातून आलं की पाय धुतले न धुतले, आण इकडे म्हणायचं. गालाचा पापा, बोटं तोंडात. गणपतीत तर विचारूच नका. चाकरमानी रात्रभर गाडीच्या दारात उभे राहून, शंभर जणांचा श्वास अंगावर घेऊन उतरतात आणि पहिल्यांदा पाळण्याकडे धावतात. रात्री भजनाची बारी येते, वीस-पंचवीस माणसं एका ओटीवर, उसळ-पाव, चहा, आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. कुणी आई म्हणाली की जरा खोकला असेल तर लांबून बघा, तर ती शहाणी ठरते. शिकलेली सून, नखरे फार.

आमच्या वहिनीने तेवढंही म्हटलं नाही. म्हणजे, ज्या व्यक्तीला म्हणायला हवं होतं तिला कशी म्हणणार?

वर लिहिताना मी "चाळिशीची बाई" असं लिहिलं. ती मी. तीन आठवडे खोकत होते तेव्हा. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी दोनदा औषध बदलून दिलं होतं. गाडीत रात्रभर खोकले, समोरच्या आजोबांनी खडीसाखर दिली होती. कणकवलीला उतरले, घरी पोचले आणि हात पुसून आधी चिऊला घेतलं. अकरा दिवस मीच तिला झोपवत होते. वहिनी स्वयंपाकात, मी पाळण्यापाशी. केवढी कौतुकाची आत्या.

विसर्जनाच्या आधी दोन दिवस तिला शिंका आल्या. नाक वाहत होतं. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोकली. मोठी मुलं खोकून झाल्यावर श्वास ओढताना जो लांब आवाज काढतात ना, हुप्प असा, तो तिने काढलाच नाही. हे लक्षात ठेवा, म्हणून मुद्दाम लिहिते. इतक्या लहान बाळात तो आवाज बहुतेक येतच नाही. श्वास ओढायची ताकदच नसते. ती नुसती खोक-खोक-खोक करत गेली, चेहरा लाल झाला, मग आवाज थांबला. आम्हाला वाटलं, थांबलं बाई एकदाचं. तिचा श्वासही थांबला होता. ओठ पिकल्या जांभळासारखे झाले. मुठी आवळलेल्या, त्या हळूच सुटल्या. वहिनीने तळपायावर टिचक्या मारल्या, एक, दोन, तीन, चार, आणि मग तिने एकदम श्वास घेतला.

तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, छाती स्वच्छ आहे म्हणाले, सर्दी आहे, थेंब घाला. मला कितीतरी वर्षं त्या माणसाचा राग होता. आता थोडा कमी झालाय. त्यांच्यापुढे ती खोकलीच नाही. या आजाराचं असंच असतं, दोन उबळींच्या मध्ये बाळ अगदी चांगलं दिसतं, हसतंसुद्धा. पण "घरात कुणी खोकतंय का?" एवढा एक प्रश्न विचारायला काय झालं होतं? मी दारातच उभी होते. खोकत.

त्या रात्री दोनदा झालं. दुसऱ्यांदा टिचक्यांनी भागलं नाही, भावाने तोंडाने फुंकर मारली. पावसात गाडी काढली आणि सरळ गोव्याला नेलं. महामार्ग तेव्हाचा तुम्हाला माहीतच आहे. मागच्या सीटवर वहिनी, मांडीवर चिऊ, आणि मी मोबाईलच्या उजेडात तिचे ओठ बघत बसलेले. रंग बदलला की सांगायचं, एवढंच माझं काम होतं. बांद्यापर्यंत तीनदा सांगितलं.

तिथे तो प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारला. घरात कुणी मोठं माणूस बरेच दिवस खोकतंय का? भावाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आजपर्यंत त्याने मला एका शब्दाने बोलून दाखवलेलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

एकोणीस दिवस होती ती तिथे. नाकात नळी, पायाच्या अंगठ्याला लाल दिवा लावलेली पट्टी, त्या यंत्राचा आकडा उतरला की सगळे धावायचे. घरातल्या सगळ्यांना, खोकणाऱ्या आणि न खोकणाऱ्यांनाही, अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, नाहीतर ही बरी होऊन घरी जाईल आणि पुन्हा तुमच्यातच येईल. ती सुखरूप घरी आली. खोकला मात्र मार्गशीर्षापर्यंत होता.

आता काहीजण म्हणतील, पहिला डोस दिला असता तरी झालंच असतं. मान्य. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, एका डोसाने पूर्ण संरक्षण मिळत नाही, पण दुखणं इतकं जिवावर येण्याचा धोका कमी होतो. माझ्यासाठी एवढं पुरे आहे. तेवढंच तर हवं होतं आम्हाला.

ताप येतो, हेही मान्य. मांडीला गाठ येते, पोर एक-दोन दिवस किरकिर करतं. सिस्टर तापाचं औषध किती द्यायचं ते सांगतात, गाठीला चोळायचं नाही म्हणतात. एक रात्र जागायची. मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर एकोणीस रात्री जागले आहे, मला त्या एका रात्रीचं कौतुक सांगू नका.

आणि आपल्या मंडळाच्या ग्रुपवर परवा जो मेसेज फिरला, लशीने बाळं अशक्त होतात, आमच्या वेळी कुठे होती ही इंजेक्शनं... ज्याने टाकला त्याने स्वतःच्या आजीला विचारावं, तिची किती झाली आणि किती जगली. आमच्या आजीची नऊ झाली, जगली पाच. ती बाकीच्या चौघांची नावं घ्यायची नाही, बोटं मोजायची फक्त. जपानने 1975 मध्ये हीच लस थांबवली होती, लशीनंतर दोन बाळं दगावली म्हणून लोक घाबरले होते. चार वर्षांत, 1979 मध्ये, तिथे तेरा हजारांवर लोकांना डांग्या खोकला झाला आणि 41 जण गेले. जपान हो. आपल्यापेक्षा शंभरपट स्वच्छ देश. मेसेज पुढे ढकलायला अंगठा लागतो फक्त.

जरा थांबून पाणी पिऊन आले.

गरोदर मुलींसाठी एक सांगायचं आहे, हे मलाही पुष्कळ उशिरा कळलं. बाळाला पहिला डोस दीड महिन्याने मिळतो. मग अडीच महिन्यांनी, मग साडेतीन. तो पहिला दीड महिना या खोकल्याविरुद्ध बाळाकडे स्वतःचं काहीही नसतं. आईकडून जे मिळेल तेवढंच. म्हणून सातव्या ते नवव्या महिन्यात, 27 ते 36 आठवड्यांच्या मध्ये, आईनेच टीडॅप नावाची लस घ्यायची, की तिच्या रक्तातून ते बळ पोटातल्या बाळाला जातं. इंग्लंडमध्ये 2012 साली साथ आली, डोस घ्यायच्या वयाचीही नसलेली बाळं गेली, तेव्हा त्यांनी सगळ्या गरोदर बायकांना डांग्या खोकल्याची लस द्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनाही टीडॅप घ्या म्हणतात, आणि दर बाळंतपणात घ्या म्हणतात. पण सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन मिळतं ते टीडी, धनुर्वात आणि घटसर्पाचं. त्यात डांग्या खोकला नाही. टीडॅप बाहेरून विकत घ्यावी लागते, हजाराच्या वर जाते. सगळ्यांना जमणार नाही, कबूल. मासे सुकवून घर चालवणारीला मी कुठल्या तोंडाने सांगू? ती सरकारी मिळायला हवी, फुकट, आणि यासाठी कुणी बोलत नाही याचा मला संताप आहे. पण ज्या घरात डोहाळजेवणाला शंभर पानं उठतात, फोटोवाला सावंतवाडीहून येतो, त्या घराने मला परवडत नाही म्हणून सांगू नये. ओटीत नारळाबरोबर त्या लशीचे पैसे घाला. डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ते सांगतीलच असं नाही.

आणि ज्यांचा डोस राहिला आहे त्यांनी, उशीर झाला म्हणून आता सिस्टर ओरडतील या भीतीने घरी बसू नका. राहिलेला डोस घेता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दीड वर्षाचा बूस्टर आणि पाच वर्षांचाही विसरू नका. चालायला लागलं पोर की कार्ड कपाटात जातं ते शाळेच्या दाखल्यालाच बाहेर येतं.

येत्या आठवड्यात तुम्ही सगळे गावी येणार. या. घर तुमचंच आहे. पण खोकला असेल तर पाळण्यापाशी जाऊ नका. कुणाला वाईट वाटेल म्हणून बाळाच्या आईने गप्प बसायचं, असली पद्धत आपल्या घरात नको. आमच्याकडे यंदा मी दारातच उभी राहणार आहे आणि विचारणार आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, सुनेवर नाही.

हे एवढं लिहिलं आणि मघाशी परत त्या आजींकडे जाऊन आले. भांडायला गेले होते खरं तर. त्या खळ्यात बसून माटवीला बांधायचे दोर वळत होत्या. घरात दोघीच बायका, मुलगा बोटीवर, अकरा दिवसांचा गणपती, येणारी माणसं बावीस. खरंच मोदक कोण वळणार होतं? मी बसले आणि चिऊचं सगळं सांगितलं. माझ्या खोकल्याचंसुद्धा. भाऊ सोडला तर आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बराच वेळ दोर वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझो दुसरो तसोच गेलो. निळो पडलो. आमका वाटला कोणाची नजर लागली."

सुनेने आतून कार्ड आणून दिलं. मी सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्या आरोग्य केंद्रात घेऊन या, मी आहे.

मोदकांना मी जाणार आहे त्यांच्याकडे, चतुर्थीला सकाळी. चिऊ पण येते म्हणाली. सहावीत आहे आता, कळ्या माझ्यापेक्षा बारीक पाडते.

उद्या सकाळी नऊची रिक्षा सांगितली आहे. आजी, सून, बाळ आणि मी. बाळ मांडीवर बसेल, म्हणजे अजून एकीला जागा होते. यादीतलं सातवं बाळ कुणाचं ते मला माहीत नाही. वाडीत कुणाला माहीत असेल तर आज रात्रीच मला फोन करा.