मूड विचारण्याआधी जेवलीस का ते विचारा

तरुण मुलींसाठी 'हेल्दी खाण्या'वर जे लिहिलं-बोललं जातं ना, ते बहुतेक वेळा वजनाबद्दलच असतं. मन प्रसन्न राहील, एनर्जी वाढेल वगैरे वरून भुरभुरलेलं. माझं मत उलट आहे: मनासाठी खायचं असेल तर वजनकाटा आधी बाजूला ठेवावा लागतो.

1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून पारखून घेतलेली ही माणसं. रोज साधारण 1570 कॅलरी मिळत. हळूहळू ती चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली. डोक्यात दिवसभर अन्न, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे! आता एखादं डाएट ॲप उघडा, मुलींसाठी 1200 चा आकडा सर्रास दिसतो. तुलना तंतोतंत नाही, मान्य. ते पुरुष होते आणि त्यांना भरपूर चालायला लावायचे. पण ज्याला तेव्हा उपासमार म्हटलं, त्याच्याही खालचा आकडा आज 'शिस्त' म्हणून खपतो आणि मग मुलगी रडवेली झाली की 'हार्मोन्स असतील' म्हणून विषय संपतो.

याच्या अगदी उलट टोकाचा अभ्यास 2017 चा, ऑस्ट्रेलियातला, फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांचा. नैराश्य असलेले 67 जण, 12 आठवडे. एका गटाला आहारतज्ज्ञांची मदत, दुसऱ्याला नुसती गप्पांची सोबत. पहिल्या गटात सुमारे 32 टक्के लोकांची लक्षणं जवळजवळ गेली, दुसऱ्यात 8 टक्के. अभ्यास छोटा आहे, सहभागी फक्त तरुण मुली नव्हत्या, आणि बऱ्याच जणांचे औषधोपचार चालूच होते. त्यामुळे भाज्या खाऊन गोळ्या बंद करा, असा अर्थ कृपया कोणी काढू नका. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: त्यांना कॅलरी मोजायला सांगितलंच नव्हतं. भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं, सुकामेवा, मासे, आणि तेही पोटभर. वजन घटलं नाही, तरी मन सुधारलं.

लोहाचं तर कोणी नावच घेत नाही. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही मूडशी संबंधित रसायनं तयार व्हायला लोह लागतं. पाळी सुरू असलेल्या बाईची लोहाची गरज पुरुषाच्या दुपटीहून जास्त धरतात, अमेरिकन शिफारशीत 18 मिलिग्रॅम विरुद्ध 8. जगात 15 ते 49 वयाच्या साधारण 30 टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. थकवा, लक्ष न लागणं, कशातच रस नसणं... यातलं किती 'आळस' म्हणून ऐकवलं जातं! एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्यायला काय हरकत आहे?

हे उलट्या दिशेनेही चालतं. मन खचलं की भूक मरते, नाहीतर नुसतं गोडच खावंसं वाटतं. अशा वेळी 'नीट खात जा' हा सल्ला म्हणजे वर आणखी एक काम. त्यापेक्षा कोणीतरी ताट वाढून समोर ठेवलेलं बरं.

आणि घास घेताना भीती वाटत असेल, खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल, मैत्रिणींसोबत जेवणं टाळलं जात असेल, तर नवा डाएट प्लॅन शोधू नका. सरळ डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा, वजन कितीही असो.