हात मोकळे झाले, मग?

ब्राच्या आत बसणारा, अंगावरचं दूध काढायचा पंप घ्यावा का, या प्रश्नाला मी सुरुवातीचे दोन महिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "घे गं, डोळे झाकून घे." माझं ऐकून ज्यांनी घेतला त्यांची आधी माफी मागते. पंप वाईट निघाला म्हणून नाही. मी स्वतःच तो डोळे झाकून घेतला होता आणि डोळे झाकूनच वापरत होते, म्हणून.

बाळ आता अकरा महिन्यांचं आहे. नऊ महिने हा पंप जवळजवळ रोज लावलाय. मोठ्या मुलीच्या वेळी साधा, नळ्यांचा, टेबलावर मोटर ठेवायचा इलेक्ट्रिक पंप होता. तोही अजून चालतो. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बोलायचा मला थोडाफार हक्क आहे असं समजते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: अर्ध्या करवंटीच्या आकाराचा कप, त्यातच मोटर, त्यातच बॅटरी, त्यातच दूध साठायची जागा. ब्राच्या आत सरकवायचा आणि बटण दाबायचं. नळी नाही, प्लग नाही, समोर लोंबणाऱ्या बाटल्या नाहीत. २०१८ मध्ये लंडन फॅशन वीकला एक मॉडेल एल्वी नावाच्या कंपनीचा असा पंप लावून रॅम्पवर चालली होती. तो फोटो तेव्हा सगळीकडे फिरला. मीही बघून हरखले होते. आता तोच फोटो बघितला की वाटतं, बाई, जरा बसून घे.

माझी अडचण तीच आहे. या पंपाची प्रत्येक जाहिरात बाईला उभी दाखवते. ती कपडे घडी करतेय, लॅपटॉपवर काम करतेय, मोठ्या मुलाचा अभ्यास घेतेय. हात मोकळे! आणि घरातही अगदी तसंच होतं. साधा पंप लावून बसले की सगळ्यांना दिसायचं, हिला वीस मिनिटं हाक मारायची नाही. नळ्या दिसायच्या, बाटल्या दिसायच्या, दार बंद असायचं. नवीन पंप आला आणि ती वीस मिनिटं गायब झाली. नवरा चांगला आहे हो, पण पंपाचा कप टी-शर्टखाली दिसत नाही आणि जे दिसत नाही ते चालू आहे असं कुणाला वाटत नाही. "तू मोकळीच आहेस ना, जरा हे बघतेस का?" मी मोकळी नव्हते. माझे हात मोकळे होते.

तर एका दुपारी, दोन्ही बाजूंना कप लावलेले, मी कपाट आवरत होते. खालच्या कप्प्यातून एक लंगोट खाली पडला. वाकले. तो कप साठवतो साधारण १५० मिली, आणि कंपनीच्या पुस्तिकेत अगदी बारीक अक्षरात लिहिलंय की फार वाकू नका. उजवा कप जवळजवळ भरलेला होता. आधी पोटावर काहीतरी कोमट लागलं, मग टी-शर्ट, मग फरशी. अंगावरचं दूध सांडल्यावर कसं वाटतं ते जिने काढलंय तिलाच कळेल. मी चक्क लंगोटानेच ते पुसलं आणि तिथेच फतकल मारून रडले.

रडून झाल्यावर डोकं जरा चालायला लागलं. मनात आलं, सांडलं ते सांडलं, पण एरवी तरी पुरेसं निघतंय का? कारण संध्याकाळी छाती परत जड असायची आणि मी समजत होते की दूध खूप आहे.

मग मोजायला लागले. कपावरच्या मिलीच्या खुणांवर जाऊ नका, कप जरा तिरका असला की त्या खोटं बोलतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. दुधाचा एक मिली म्हणजे जवळपास एक ग्रॅम, आपल्या कामाला तेवढं पुरे. वेळ एकच, सकाळी दहा, शेवटचं पाजणं सातचं. एक दिवस साधा पंप, एक दिवस नवा पंप बसून, एक दिवस नवा पंप घरात वावरत. दोन आठवडे हे चाललं. साध्या पंपावर दोन्ही बाजू मिळून साधारण १३० मिली यायचं. नव्यावर, खुर्चीत टेकून बसून, ११० ते १२०. आणि नव्यावर, कामं उरकत, ७०. एकदा तर ५५.

हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण बसणं आणि वावरणं यांतला फरक एकाच पंपाचा होता, एकाच बाईचा होता. मोटरला दोष देता येईना.

मग कशाला द्यायचा? आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे, तो इंग्रजी पुस्तिका वाचताना आपण विसरतो. पान्हा. दूध साठलेलं असणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. हे संप्रेरक मेंदूतून सुटतं आणि स्तनातल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात. पंप हे काम करत नाही, तो फक्त आलेलं ओढून घेतो. बाळाचा वास, त्याचं रडणं, नुसता फोटोसुद्धा पान्हा आणतो. दुखणं, घाई, संकोच, कुणीतरी मागून हाक मारणं, हे सगळं तो रोखतं. गाय पान्हा चोरते म्हणतात ना, तेच. कपाट आवरताना माझं अंग पान्हा चोरत होतं आणि मी पंपाच्या ॲपवर सक्शनचा, म्हणजे ओढण्याच्या जोराचा, आकडा वाढवत होते.

आकडा वाढवून दूध वाढत नाही, हेही यातच शिकले. या पंपांत दोन लयी असतात. पहिली हलकी आणि भरभर, बाळ सुरुवातीला चुटुचुटु ओढतं तशी. पान्हा आला की दुसरी, सावकाश आणि खोल. जोर किती, तर जेवढा सहन होतो तेवढा नाही, जेवढा आरामाचा वाटतो तेवढा. दुखायला लागलं की पान्हा आटोपला. डब्यावर "३०० एमएमएचजी" (हे ओढीचा जोर मोजायचं एकक) आणि "हॉस्पिटल ग्रेड" असं मोठ्या टायपात छापलेलं असतं, त्याला भुलू नका. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारं अमेरिकेचं खातं, एफडीए, तर "हॉस्पिटल ग्रेड" हा शब्द मानतच नाही, त्याला ठरलेला अर्थच नाही. ज्या कंपनीला वाटेल ती छापते.

आता मापाबद्दल, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं.

बहुतेक पंपांसोबत २४ मिमीचा फनेल येतो. म्हणजे स्तनाग्र ज्या बोगद्यात जातं त्याचा व्यास. तो सगळ्यांना बसतो असं कंपनीला का वाटतं देव जाणे. खूप जणींना १७, १९, २१ लागतो. मोजायचं ते स्तनाग्राचं बूड, भोवतीचा काळा भाग धरायचा नाही. साधी मोजपट्टी चालते. दोन्ही बाजू वेगळ्या मोजा, माझ्या वेगळ्या निघाल्या. डावीकडे १६, उजवीकडे १८. आणि मी दोन महिने दोन्हीकडे २४ वापरत होते. मोठ्या बोगद्यात भोवतालची कातडीही ओढली जाते, सुजते, आणि दूध कमीच येतं. लहान बोगद्यात स्तनाग्र घासतं. साध्या पंपाचा फनेल पारदर्शक असतो, तो हातात धरलेला असतो, स्तनाग्र मधोमध आहे की कडेला घासतंय ते सतत दिसतं. ब्राच्या आतल्या कपात एकदा तो आत गेला की काही दिसत नाही. आपण अंदाजाने ठेवतो आणि अर्ध्या सेंटिमीटरने चुकतो. साध्या पंपावर ती चूक लगेच दिसली असती. इथे मला ती पाच दिवसांनी कळली, जेव्हा डाव्या बाजूला गाठ आली आणि अंगात कणकण भरली.

त्या गाठीबद्दल एक सांगते, कारण अजूनही सल्ला उलटा मिळतो. मला तीन जणींनी सांगितलं, गरम शेक घे, जोरात चोळ आणि पंप लावून पूर्ण रिकामं कर. मी तिन्ही केलं आणि सूज वाढली. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये यावरचं मार्गदर्शन बदललं. जोरात चोळायचं नाही, सुजेवर थंड ठेवायचं, आणि जास्तीचं पंपिंग करून दूध आणखी वाढवायचं नाही. ताप उतरला नाही तर डॉक्टर. मला हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, तेही पंपाचा कप हातात घेऊन. "हा कोणत्या मापाचा आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मला उत्तर येत नव्हतं.

ब्राचंही तसंच. सैल असली की हवा आत जाते आणि मोटर नुसती घुरघुरते. फार घट्ट असली की कप स्तनावर दाबला जातो आणि दुधाच्या वाटाच दबतात. त्यातून साध्या पंपावर एका हाताने स्तन हलका दाबत राहता येतं, त्याने दूध बरंच जास्त निघतं. इथे बाहेरून ब्रा, आतून कप, दाबणार कुठे?

धुण्याचं थोडक्यात. माझ्या पंपाचे एका बाजूला पाच सुटे भाग, म्हणजे दोन्हीचे दहा, दिवसातून दोनदा. यात नवऱ्याला श्रेय देते, रात्रीचे सगळे तो धुतो. प्रत्येक वेळी साबणाच्या गरम पाण्याने, वेगळ्या भांड्यात, सिंकमध्ये ठेवून नाही, आणि मग हवेवर कोरडे. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल किंवा दिवस भरायच्या आधी झालं असेल तर रोज निर्जंतुकही करायचे. हे नखरे नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला क्रोनोबॅक्टर नावाच्या जंतूचा गंभीर संसर्ग झाला होता आणि तो जंतू पंपाच्या भागांवर सापडला होता. आणि ती बदकाच्या चोचीसारखी छोटी रबरी झडप, तिच्याकडे लक्ष ठेवा. रोजच्या वापरात महिना-दोन महिन्यांत ती सैल पडते. दूध अचानक कमी झालं की आपण स्वतःला दोष देतो आणि दोष त्या बोटभर रबराचा असतो. माझ्या एका मैत्रिणीने याच पायी मेथीपासून गोळ्यांपर्यंत सगळं सुरू केलं होतं. झडप बदलली, दूध परत.

आवाजाचं म्हणाल तर "निःशब्द" वगैरे काही नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये माझ्या साहेबांनी विचारलं, "कुणाच्या मागे मिक्सर चालू आहे का?" मी म्यूट केलं आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

एवढं सगळं बोलूनही मी तो विकलेला नाही. विकणारही नाही. (आणि वापरलेला तुम्हीही कुणाकडून घेऊ नका. एकाच व्यक्तीसाठी बनवलेल्या पंपाच्या मोटरच्या बाजूला दूध शिरलेलं असू शकतं, ते धुता येत नाही.) ऑफिसच्या दिवशी मला त्याच्याशिवाय जमलंच नसतं. तिथे प्लग असलेली बंद खोली शोधत फिरण्यापेक्षा हा पर्समध्ये मावतो, आठ मिनिटांत लागतो, दोनदा काढून होतं. तेवढ्यासाठी तो उत्तम आहे. पण बसून. मी खुर्ची भिंतीकडे वळवते, फोनवर बाळाचा व्हिडिओ लावते आणि वीस मिनिटं कीबोर्डला हात लावत नाही. लोकांना वाटतं मी मोबाईल बघत टाइमपास करतेय. वाटू दे. निघालेलं दूध लगेच बाटलीत आणि फ्रिजमध्ये. खोलीच्या तापमानाला ४ तास चालतं हे खरं, पण कपातलं दूध अंगाच्या उबेत असतं, त्याला ते ४ तास लावू नका. फ्रिजमध्ये ४ दिवस.

ज्यांचं सगळंच दूध पंपावर आहे, बाळ अंगावर घेत नाही किंवा अजून दवाखान्यात आहे, त्यांनी एकट्या या पंपावर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दोन्ही बाजूंचा दमदार साधा पंपच हवा, हा जोडीला.

परवा जिने विचारलं, जिचं बाळ तीन आठवड्यांचं आहे, तिला सांगायचंय: अजून थांब. सध्या बाळाला मागेल तेव्हा घे, दूध किती बनवायचं ते अंगाला त्यावरूनच कळतं. कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधी पंप आण. आल्या दिवशी मोजपट्टी काढ, मापाचे इन्सर्ट (फनेलचा बोगदा लहान करायला आत बसवायचे तुकडे) आणि झडपांचा एक जादा सेट तेव्हाच मागव. पहिले चार दिवस आरशासमोर बसून लाव. आणि ऑफिसच्या पहिल्या दिवशी फिकट रंगाचा कुर्ता घालू नकोस.